टिलरचे आठ गुण

टूरा, ११ मार्च २०२४

प्रिय ग्लेनिस,

फॉर्म मिळाला. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही दोनच शब्दांपुरतं, पिवळ्या चिठ्ठीवर: "सही कर." आमच्या व्याकरणकारांना अर्धी मात्रा वाचली तरी मुलगा झाल्याचा आनंद व्हायचा म्हणतात. तू फ्लिंडर्स बेटावर बसून त्यांच्याही पुढे गेलीस. "प्रिय व्हर्न" गेलं, "कसा आहेस" गेलं, खालचं नावही गेलं. मागणी तेवढी राहिली.

आमच्याकडे बायकोच्या थोरल्या बहिणीला आकडसासू म्हणतात आणि तिच्याशी अहो-जाहोनं बोलतात. मी तयारीनिशी आलो होतो. पण पहिल्याच दिवशी तू माझ्या हातात फावडं दिलंस आणि म्हणालीस, "कुत्र्यांच्या आवारातलं सगळं उचल. नाव काय तुझं? वामन? जमणार नाही. व्हर्न." हातात फावडं असलेल्या माणसाला अहो-जाहो सुचत नाही.

तर मुद्दा. तुला आमच्या टिलर कुत्र्याच्या चार नळ्या हव्या आहेत. टिलर जाऊन सात वर्षं झाली, पण त्याचं वीर्य मेलबर्नच्या टाकीत गोठून पडलं आहे आणि कागदोपत्री मालक मी. तुझी नवी कुत्री, टुई, मेअखेर माजावर येईल. त्याआधी माझी सही हवी. टिलर तुझ्या टॅन्सीच्या पोटचा. तू आपल्या सगळ्या माद्यांची नसबंदी करून इथून गेलीस, त्यामुळे चाळीस वर्षं जपलेल्या वंशातलं तुला परत मिळण्याजोगं या चार नळ्यांखेरीज काही उरलेलं नाही. हे मला कळतं. न कळण्याइतका मी अजून म्हातारा झालो नाही.

अडचण एवढीच की फॉर्मला टिलरच्या खुब्यांच्या दाखल्याची प्रत जोडावी लागते, आणि दाखला सापडत नाही. कागदपत्रं कॉरल बघायची. तुझी बहीण गेल्यापासून या घरात कागद आपापल्या मर्जीनं राहतात.

टिलरचे गुण आठ होते, ते तुला पाठ आहे. ते आले तेव्हा फोनवर वडिलांना मी ही परीक्षा समजावून सांगितली होती. कुत्र्याला भूल देतात, उताणं निजवतात, मागचे पाय सरळ ओढून खुब्यांचा एक्स-रे काढतात. मांडीच्या हाडाचं डोकं वाटीत किती घट्ट बसलंय ते पाहून दोन्ही खुब्यांना मिळून शून्य ते एकशे सहा गुण देतात, आणि शून्य सगळ्यांत चांगलं. वडिलांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. म्हणाले, "शून्यवाले माझ्या वर्गात पुष्कळ होते रे. उगाच मारलं पोरांना."

आज सुट्टी आहे, टपाल उद्या निघेल. दाखला शोधतो.

तुझा,
व्हर्न


टूरा, ४ एप्रिल २०२४

प्रिय ग्लेनिस,

दुसरी चिठ्ठी आली. "सही कुठे आहे?" दोनाचे तीन शब्द झाले. या गतीनं मरायच्या आत आपण एखादं पूर्ण वाक्य बोलू.

दाखला सापडला. शिवणयंत्राच्या खणात, रिळांखाली होता. सही मात्र केलेली नाही, आणि त्याचं कारण सांगायला हवं.

टिलर सहाव्या वर्षी गाडीच्या मागच्या फळीवर उडी मारेनासा झाला. तू पाहिलं होतंस. म्हणालीस, "जाड झालाय तो, व्हर्न. तुझ्या ताटातलं त्याला घालणं बंद कर." मी बंद केलं. तो बारीक झाला आणि तरीही उडी मारेना. आठव्या वर्षी सकाळी उठताना आधी पुढचे पाय, मग बराच विचार, मग मागचे. तू म्हणशील, फिल्म वेगळी आणि कुत्रा वेगळा. वाईट फिल्मवाले डोंगर चढतात, चांगल्या फिल्मवाले लंगडतात. खरं आहे. हे वाक्य मीच शंभर लोकांना ऐकवलंय. खरं आहे म्हणून तर ते इतकं सोयीचं पडतं.

माझा सल्ला, दुसरा नर घे. आपल्या कुत्रा-मंडळातल्या लिऑनीकडे एक काळा आहे, सहा गुणांचा, स्वभावानं भटजीसारखा: खातो, झोपतो, कुणाशी भांडत नाही.

पर्लचं नाव काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. आता काढलंच आहे तर पुढे. टिलर आणि तुझी सहा गुणांची मादी, त्यांची ही मुलगी. तुझ्या हातची सगळ्यांत देखणी, आणि तिचे गुण आले एक्केचाळीस. तू संध्याकाळी फोन केलास. मी विचारलं, "छापू ना?" तू म्हणालीस, "विचारतोस काय? नियम माझाच आहे."

होताच. त्याआधी मंडळात काय चालायचं ते तुला सांगायला नको. आधी फिल्म पाहायची. बरी असली तर तपासणीला पाठवायची, वाईट असली तर ड्रॉवरमध्ये. त्यामुळे आमच्या सगळ्या कुत्र्यांचे खुबे कागदावर उत्तम असायचे आणि गल्लीत लंगडायचे. तू हट्टानं नियम करून घेतलास: सही आधी, फिल्म नंतर, आणि जो आकडा येईल तो वार्तापत्रात. मग तुझाच आकडा आला आणि त्याच लोकांनी म्हटलं, "बाप आठ, आई सहा, मग एक्केचाळीस आलं कुठून? ग्लेनिसचा ड्रॉवर उघडून बघा." चार महिन्यांत तू शेत विकलंस आणि गेलीस.

मी फक्त छापलं. चिटणीसाचं कामच ते.

लिऑनीच्या काळ्याचा विचार कर.

व्हर्न


टूरा, २५ एप्रिल २०२४

प्रिय ग्लेनिस,

आज सैनिकांचा स्मृतिदिन, म्हणून पहाटे युद्धस्मारकापाशी गेलो होतो. बिगूल वाजलं, सगळे गप्प उभे राहिले, मग सभागृहात खारवलेलं डुकराचं मांस आणि दुधातली रम. तिथे अर्न हॉलिस भेटला. वय वर्षं नव्वद. पदकं वडिलांची, उजव्या बाजूला लावलेली, काठी स्वतःची. त्यानं मला धरूनच ठेवलं.

"व्हर्न, लेका, तुझ्यावर माझा दावा आहे," म्हणाला.

"कसला?"

"बार्नी देताना तू काय सांगितलं होतंस? याचे खुबे गेलेले, एकोणचाळीस का काय ते. उड्या नकोत, चढ नको, पायऱ्या नकोत. सहा महिने मी त्याला म्हाताऱ्या आत्यासारखा जपला. सातव्या महिन्यात पठ्ठ्यानं कुंपण ओलांडून ससा आणला."

"मग?"

"मग काय! तेरा वर्षांचा होईपर्यंत रोज टेकडीवर. मी खाली बाकावर बसायचो, तो वर जाऊन यायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, की म्हाताऱ्या, खुबे कुणाचे गेलेत?"

तो हसला, मीही हसलो. रम संपवून घरी आलो आणि तेव्हापासून टेबलापाशी बसून आहे.

तुला आठवत असेल, टिलर आणि बार्नी सख्खे भाऊ, एकाच वेताचे. दोघांच्या फिल्मा एकाच सकाळी काढल्या, २००६ च्या सप्टेंबरात, डॉक्टर मॅकॉर्मिककडे. टिलरला आठ आले, बार्नीला एकोणचाळीस. पंधरा दिवसांत बार्नीची नसबंदी करून तो हॉलिसला दिला आणि टिलर ठेवला. आठवाला सहाव्या वर्षी गाडीत चढेना, एकोणचाळीसवाला तेराव्या वर्षी डोंगर चढत होता. हॉलिसचं ऐकताना आज पहिल्यांदाच मनात आलं की फिल्मांची अदलाबदल तर झाली नसेल? त्या काळी कुत्र्यांना चिप नसायची. फिल्मच्या पेटीवर शिशाची अक्षरं चिकटवायची, की झालं. ती कॉरलनं चिकटवली असावीत. मला नीटसं आठवत नाही.

नुसती शंका आहे. पण शंका असताना सही कशी करू?

व्हर्न


टूरा, ९ मे २०२४

प्रिय ग्लेनिस,

मागच्या पत्रात दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. आधी त्या परत घेतो.

अक्षरं कॉरलनं चिकटवली नव्हती. ती बाहेर गाडीत दुसऱ्या कुत्र्याला धरून बसली होती. त्या दिवशी नर्स आजारी होती, म्हणून दोन पेट्यांवर दोन नावं मीच लावून ठेवली. दोघे भाऊ पिवळे, सारख्या वजनाचे, पट्टे काढून ठेवलेले. मॅकॉर्मिकनं सहज विचारलं, "तुमच्याकडे योगायोगाला काय म्हणतात?" झालं. मी काकतालीय न्याय सांगायला घेतला: कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ, कावळ्याला वाटतं आपणच पाडलं. मॅकॉर्मिक हसत होता, मी रंगात आलो होतो. पहिला कुत्रा टेबलावर आला तेव्हा मी न बघता वरची पेटी पुढे सरकवली. दुसरा आला तेव्हा उरलेली. तू मला तोवर बारा वर्षं सांगत होतीस, "व्हर्न, तोंड बंद ठेव आणि कुत्रं धर."

एवढंच असतं तर ती चूक होती. चुकीला क्षमा असते, तशी सोय सगळ्या धर्मांत आहे.

दुसरी गोष्ट. शंका मला गेल्या महिन्यात आली नाही. मला २०१३ च्या जूनमध्ये कळलं, चौदा तारखेला. आणि ती शंका नव्हती.

हॉलिसचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, गाडी चालवायची बंदी. बार्नीनं मक्याचं अख्खं कणीस गिळलं म्हणून मीच त्याला दवाखान्यात नेलं. पोटाचा एक्स-रे काढला, त्यात खुबेही आले. मॅकॉर्मिकनं फिल्म उजेडाच्या फळीवर लावली आणि कणीस सोडून खुबेच बघत राहिला. म्हणाला, "आठ वर्षांच्या कुत्र्याचे आहेत हे? वाट्या बघ, व्हर्न. वाडग्यात घट्ट बसलेलं अंडं." मग त्यानं डाव्या मांडीतल्या एका पांढऱ्या कणावर बोट ठेवलं. "आणि हा छर्रा. लहानपणी कुणीतरी हवेच्या बंदुकीनं मारलाय."

पाच महिन्यांचे असताना त्या दोघांतला एक मांडीला रक्त घेऊन घरी आला होता. कॉरलनं मिठाच्या पाण्यानं धुतलं. आम्हाला वाटलं, काटेरी तार लागली. कुठलं पिल्लू, तेही कुणी लक्षात ठेवलं नाही.

घरी येऊन मी टिलरची जुनी फिल्म काढली, आठ गुणांची. खिडकीला धरली. डाव्या मांडीत, त्याच जागी, तोच पांढरा कण. सात वर्षं आम्ही त्याला धूळ समजत होतो.

म्हणजे आठ गुण बार्नीचे होते. टिलरचे एकोणचाळीस. तुझ्या टॅन्सीच्या पोटी जो खरा खणखणीत निपजला, त्याची नसबंदी मी स्वतः गाडीत घालून करून आणली. आणि ज्याला वाढवायला नको होतं, त्याची सात वेतं झाली. त्यातली एक पर्ल.

जूनमध्ये मला हे कळलं. पर्लचा आकडा जुलैच्या शेवटी आला. तुझा फोन आला तेव्हा टिलरची फिल्म माझ्यासमोर टेबलावर होती. तू म्हणालीस, "विचारतोस काय? नियम माझाच आहे," आणि माझ्या हातात ती फिल्म होती, ग्लेनिस. मी म्हटलं, "ठीक आहे." वार्तापत्रात पर्लच्या नावापुढे बापाचे गुण आठ म्हणून छापले. आणि खाली चिटणीसाची टीप जोडली, "मातृपक्षाचा कसून शोध घेणे इष्ट." मी फक्त छापलं असं ४ एप्रिलच्या पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य माझं आहे. शब्दही माझेच वाटतात, दुसऱ्या कुणाला असे सुचणार नाहीत.

का केलं, याचं मोठं कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही. आमच्या कुत्र्यांच्या घराण्याला मी 'सारमेय', म्हणजे संस्कृतातला कुत्रा, असं नाव दिलं होतं, तुम्ही सगळे त्याला 'सॅमी' म्हणायचात, आणि टिलर म्हणजे सॅमीची पत. मंडळाचा चिटणीस मी. लोकांना ड्रॉवर उघडा म्हणणारा मी. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत सात आठवडे गेले, मग तू गेलीस, मग सांगायला कुणी उरलं नाही अशी मी सोय करून घेतली. कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ करणाऱ्यावर आमच्याकडे हसतात. त्या गोष्टीतला मूर्ख तो माणूस की शेपूट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कॉरलला ठाऊक नव्हतं. हे वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. आधीच्या पत्रांत मी तिच्या आडोशाला उभा राहिलो, कारण ती उत्तर द्यायला येणार नव्हती. शेवटच्या उन्हाळ्यात ती मला विचारायची, "ग्लेन बोलत का नाही रे माझ्याशी? मी काय केलं तिचं?" मी म्हणायचो, "तिचा स्वभावच ताठ." ती माझं खरं मानायची. ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा तुमच्या बेटाची दारं साथीमुळे बंद होती आणि अंत्यविधीला तू पडद्यावर एका चौकोनात, निळा स्वेटर घालून, चाळीस मिनिटं न हलता बसली होतीस. तेव्हाही मी काही बोललो नाही.

फॉर्म सोबत आहे. सही केली आहे. खुब्यांच्या गुणांच्या रकान्यात आठ खोडून एकोणचाळीस लिहिलं आहे, शेजारी आजची तारीख. नळ्या तुझ्या आहेत. टुईचे गुण पाच आहेत असं ऐकतो. यातून काय निघेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुला परत मिळेल असा तुझा वंश एवढ्यातच उरलाय, हेही तुलाच जास्त कळतं. मी ठरवणार नाही. माझ्या ठरवण्याचा अनुभव तुला आहेच.

वामन


टूरा, २ जून २०२४

प्रिय ग्लेनिस,

तुझ्याकडून काही आलं नाही. अपेक्षाही नाही. वार्ता कळवतो, कारण ती तुझी आहे.

काल मंडळाची बैठक झाली. अठरा माणसं, दोन हीटर, त्यातला एक चालू. चहा, नारळाचा कीस लावलेले चॉकलेटचे चौकोनी केक, नेहमीचं. मी दोन्ही फिल्मा खिडकीला चिकटवल्या, मॅकॉर्मिकनं २०१३ साली काढलेली बार्नीची तिसरीही, आणि तुला लिहिलं तेच सांगितलं. लिहिताना जमलं होतं तितकं बोलताना जमलं नाही.

मग कॉलिन म्हणाला, "एक मिनिट. म्हणजे ग्लेनिसच्या ड्रॉवरमध्ये काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"अकरा वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की होतं."

"हो. मी ऐकलंय."

"आणि गप्प बसलास?"

"हो."

लिऑनी अध्यक्षा आहे आता. तुला ती चुळबुळी म्हणून आठवत असेल. आता तिचा आवाज तुझ्यासारखा झालाय. ती म्हणाली, "ड्रॉवर होता, कॉलिन. फक्त व्हर्नच्या घरात होता."

मी तोंड उघडलं. कॉलिननं हात वर केला. "संस्कृतात काही सांगणार असशील तर नको."

सांगणार नव्हतोच, पण त्याचं म्हणणं रास्त होतं.

ठराव असा झाला. जुलैच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती: टिलर एकोणचाळीस, बार्नी आठ, आणि पर्लच्या नावाखालची चिटणीसाची टीप मागे. तपासणी करणाऱ्या पंचांना दोन्ही फिल्मा पाठवायच्या. ज्यांच्या कागदांवर टिलर आजोबा-पणजोबा म्हणून आहे त्या सगळ्यांना फोन करायचे. अशी एकतीस घरं आहेत. फोन मी करतोय; ते माझ्याकडून काढून घ्यावं असं कुणाला वाटलं नाही. चिटणीसपद मात्र काढून घेतलं. आतापर्यंत चौदा फोन झाले. एक बाई रडल्या, एकानं शिव्या घातल्या, एकानं शांतपणे विचारलं, "आमची रोझी चार वर्षांची आहे. आता काय करू?" मी म्हटलं, फिल्म काढा. "आणि वाईट आली तर?" म्हटलं, तरी पाठवा. स्वतःच्या तोंडचं हे वाक्य ऐकून फोन ठेवला आणि थोडा वेळ पायरीवर जाऊन बसलो.

लिऑनी निघताना म्हणाली, "ग्लेनिसला कोण सांगणार?"

"सांगितलंय," मी म्हटलं.

"ती काय म्हणाली?"

"अजून काही नाही."

"मी असते ना, तर विमानानं येऊन तुझ्या कानाखाली वाजवली असती."

मी म्हटलं, तिला विमानात बसायचं भय वाटतं. लिऑनीला हसू आलं, ते तिनं आवरलं.

वामन


टूरा, १९ जून २०२४

प्रिय ग्लेनिस,

काल तुझं पाकीट आलं. वजनावरून वाटलं पत्र आहे. आत माझा फॉर्म होता, चार तुकडे केलेला, आणि वहीतला एक कागद. तो इतक्यांदा वाचलाय की तुलाच परत वाचून दाखवतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो नाही ना ते कळेल.

"टुई अठ्ठावीसला माजावर आली आणि गेली. नळ्या ओतून टाक. एकोणचाळीसावरून मी कधी पिल्लं काढली नाहीत आणि आता काढणार नाही, मग ती टॅन्सीची असोत की राणीची. कॉरलचं तू मला सांगायला नको होतंस आणि सांगितलं नसतंस तर मी तुला कधी माफ केलं नसतं. आता करीन असंही नाही. येऊ नकोस. बार्नीची फिल्म पाठव. आठवाली. ती माझी आहे."

नळ्या ओतल्या. आज सकाळी मेलबर्नला स्वतः गेलो. पांढऱ्या हातमोज्यांतल्या मुलीनं चार बारीक काड्या काढून टबात टाकल्या, थोडी वाफ आली, आणि तिनं मला सही करायला कागद दिला. सही केली. आता ती मला जमते.

पंचांकडून दोन्ही फिल्मा परत आल्या. त्यांनीही मान्य केलं. टिलरची मी ठेवतो. ती माझी आहे. बार्नीची सोबत पाठवतोय, दोन पुठ्ठ्यांत बांधून, वर 'वाकवू नये' असं चारदा लिहून. शिशाच्या अक्षरांत तिच्यावर अजून टिलरच लिहिलेलं आहे. ते खरवडता आलं असतं, पण अठरा वर्षांनी हात लावायला धजलो नाही. मी खाली पांढऱ्या शाईनं बार्नी लिहिलं आणि आजची तारीख घातली.

तू येऊ नकोस म्हणतेस, येत नाही. तुझं स्वयंपाकघर पूर्वेकडे आहे असं कॉरल सांगायची. तिनं ते कधी पाहिलं नाही, तू गेल्यागेल्या तिला आलेल्या एकुलत्या पत्रावरून सांगायची. सकाळी समुद्राकडचा उजेड येत असेल. फिल्म त्या खिडकीला लाव. दोन्ही वाट्या नीट दिसतील, आणि तू चाळीस वर्षं काय करत होतीस ते तुला पहिल्यांदा आतून दिसेल.

डाव्या मांडीत एक पांढरा कण आहे. धूळ समजून पुसायला जाऊ नकोस.

वामन